उसना सीडी रायटर

२००३ साली कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत सीडी रायटर फक्त माझ्याकडे होता. समोरच्या हेमाकाकू तो दर महिन्याला मागून नेत, अमेरिकेतल्या लेकीसाठी फोटोंची सीडी करत आणि स्वच्छ पुसून परत आणून देत. त्यानंतर माझी एकही सीडी धड राइट होत नसे.

मी स्पीड कमी केला, कोऱ्या सीडींची कंपनी बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तरी एरर जाईना. शेवटी नारायण पेठेतल्या दुरुस्तीवाल्यांनी रायटर उघडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सीडी ठेवायच्या सरकत्या ट्रेमध्ये मुंग्या आहेत आणि लेन्स चिकट झाली आहे. आपण यात सरबत करता का?"

त्यांनी तो साफ करून दिला. पुढच्या महिन्यात काकूंनी नेला, परत आणून दिला आणि पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डेमोची सीडी द्यायची होती, आणि माझं अमेरिकेला जाणं त्या डेमोवर अडलं होतं. मी रायटर उचलला, काकूंचं दार वाजवलं आणि तुम्ही यात नेमकं करता तरी काय, असं विचारून टाकलं.

काकूंना माझा प्रश्नच कळेना.



"अरे आमोद, शेजारची बशी रिकामी कशी परत करायची, म्हणून चिमूटभर साखर घालते रे; दिवाळीत लाडूही ठेवून बघितला, पण तो आत जाईना."