तिसऱ्या फांदीवरचा तांबट

वादळात बागेतला पिंपळ मुळासकट पडला, त्याला आठ दिवस झाले. खोड आरामशीनवर गेलं आणि मागे खड्डा उरला. तरी देवानंद गुरुजी रोज सकाळी पाखरांची वही घेऊन त्या खड्ड्याशी उभे राहत. बारा वर्षांत न तपासलेली एकही नोंद त्यांनी केली नव्हती. रोजच्या नोंदीखाली साक्षीला शेजारच्या सुशीलाबाईंची सही असे.

आज सुशीलाबाईंनी पेन परत दिलं. "काल लिहिलं तुम्ही, तांबट एक, पिंपळाची तिसरी फांदी. झाडच नाही तं बसला कुठी तो? लोकं म्हणून राहिले, गुरुजी सटकले."

"लोकं सहाला उठतात काय? थांबा इथंच."

टुक्. टुक्. टुक्.

आवाज वरून, खड्ड्याच्या बरोबर मधोमध येत होता. दुर्बिणीत नुसतं मोकळं आभाळ होतं.

"दुसऱ्या झाडावरून येत असन."

गुरुजींनी त्यांना खड्ड्याभोवती पुरती फेरी मारायला लावली. कुठूनही ऐकलं तरी आवाज तिथूनच येई, तीस फूट उंचावरून.

गुरुजींनी कालचीच नोंद आज पुन्हा लिहिली आणि वही पुढे केली. "आता करा सही, नाहीतर मला खोटा म्हणून लिहून द्या."

ऊन लख्ख पडलं होतं, वारा अजिबात नव्हता. सुशीलाबाई वहीवर वाकल्या. कागदावर लांब टोकाच्या पानाची सावली थरथरत होती. मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता वही, हात, दोघांचे पाय, सगळं गार सावलीत गेलं.

"म्हणा आता," गुरुजी म्हणाले, "झाड नाही म्हणून."