खिळ्यावरची किल्ली

बावड्याच्या कॉलनीत एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाईंच्या दाराची दुसरी किल्ली शेजारच्या हौसाक्कांच्या खिळ्यावर असायची. बाईंना आता भाकरी थापवत नव्हती. "मुलाला कळलं तर पुण्याला नेईल मला," त्या म्हणायच्या. त्यानं घरात कॅमेरा बसवल्यापासून हौसाक्का जेवणाचा डबा पदराखाली झाकून न्यायच्या, रिकामाही तसाच आणायच्या. दिवाळीला आलेला मुलगा हौसाक्कांच्या दारात उभा राहिला. "काकू, मोबाइलवर सगळं दिसतं मला. आमच्या घरातून पदराखाली काय नेता?" हौसाक्कांनी त्याच्यामागं उभ्या बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. "लई लांबचं दिसतंय की बाबा तुला. ही घे किल्ली." तरी डबा मागच्या कुंपणावरून जातच राहिला. आज तो घ्यायला बाई आल्या नाहीत. तेवढ्यात मुलाचा फोन आला, "काकू, आई पडलेली दिसतेय, दार उघडा!" हौसाक्कांचा हात सवयीनं खिळ्याकडं गेला.