नळीतली फुंकर

रेशन दुकानात आता उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नसे. नळीत फुंकर मारायची. अंगात किती दिवसांची भूक साठलीय ते यंत्र सांगायचं आणि त्यावर धान्य ठरायचं.

वनमालाचा नवरा, मुलगी आणि सासूबाई, तिघांनीही फुंकलं. तिन्ही वेळा दिवा लाल. शेवटी वनमालाने फुंकलं आणि दिवा हिरवा झाला.

"पात्र. नऊ वर्षांची भूक," दुकानदाराने वाचलं. "वहिनी, उपासतापास फार करता का?"

"नाही हो."

लग्नालाही नऊच वर्षं झाली होती. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्यात उरेल ते ती खायची. त्याला भूक म्हणतात हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, मग या नळीला कसं कळलं?

"मशीन बिघडलंय," नवरा म्हणाला. "एका घरात एकटीच उपाशी कशी राहील?"

दुकानदार तिच्या एकटीच्या नावाचे गहू मापू लागला. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. नळीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, यात जुनी भूक दिसते का? सून घरात यायच्या आधीची?"