डेल्मरची शिकवणी

"पुन्हा कर," डेल्मर म्हणाला. "आधी व्हॉल्व्ह, मग नळी."

मार्लिसने हातातली नळी बर्फावर आपटली. तिची बोटं सुन्न झाली होती. नेवाडाच्या वाळवंटात हिवाळ्यातल्या सकाळचे नऊ वाजले होते. लख्ख ऊन पडलं होतं, तरी मोटरहोमच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, पाण्याच्या टाकीखालचा नळ गोठून दगड होऊन बसला होता. मैलोन् मैल पांढरी पडलेली खुरटी झुडपं आणि मधून गेलेला सरळ रस्ता. माणूस नावाला नाही.

खरं तर हा एका दिवसाचा प्रवास. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डेल्मरने, तिच्या बापाने, स्वतःच तिला फोन केला होता. "पोरी, आता थंडी सोसत नाही. एली गावच्या वृद्धाश्रमात जागा मिळालीय. सोडून ये मला." बायको गेल्यापासून अकरा वर्षं तो या मोटरहोममध्येच एकटा राहत होता. मार्लिस रीनोहून धावत आली. तिची छोटी कार त्यांनी मोटरहोमच्या मागे जोडली. दिवस मावळायच्या आत पोचू, असं तिला वाटलं होतं. आज तिसरा दिवस होता.

वीस-पंचवीस मैल झाले की म्हातारा गाडी थांबवायला लावायचा. परवा त्याने तिला हीटर खोलून पुन्हा जोडायला लावला. काल गॅसची टाकी बदलायला लावली, वाऱ्यात, दोनदा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेव म्हणजे पाइप गोठत नाहीत, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की तिला ते झोपेतही ऐकू येऊ लागलं. स्वतः मात्र घोंगडी पांघरून पायरीवर बसायचा आणि हातातल्या काठीने दाखवायचा.

"पन्नाशीला आलीस, साधा पाना धरता येत नाही!"

आता तिचा बांध फुटला. "डॅड, बस्स कर! आजपासून तुला गरम खोली मिळणार आहे. पाणी गरम, जेवण गरम. हे खटारं कुणीतरी ओढून नेईल. मग मी हे सगळं कशासाठी शिकतेय? तुझी हौस म्हणून?"

डेल्मरने नाक पुसलं. "आधी व्हॉल्व्ह," तो म्हणाला.

रागाने तिचे डोळे भरून आले. तिने जनरेटर लावला, हेअर ड्रायर आणला आणि बर्फावर गुडघे टेकून नळावर धरला. वीस मिनिटं. मग तिने व्हॉल्व्ह फिरवला, नळी जोडली. पाणी आलं. शाबासकीचा एक शब्दही न बोलता तो उठून आत जाऊन बसला. पुढचे सत्तर मैल तिने गाडी कुठेही न थांबवता हाणली.

वृद्धाश्रमाच्या दारात तो एक पिशवी घेऊन उतरला. ती दुसरं सामान काढायला वळली, तर त्याने तिचा हात धरला आणि त्यात एक पाकीट ठेवलं. गाडीचे कागद होते. मालक म्हणून तिचं नाव होतं.

"हे काय? मी काय करू हिचं? माझं घर आहे रीनोत."

"फोनवर तू म्हणायचीस, स्वयंपाकघरात उभी आहे," डेल्मर म्हणाला. "मागे इंजिन चालू ठेवून उभे असलेले ट्रक ऐकू यायचे. सप्टेंबरपासून, दर वेळी. बत्तीस वर्षं ट्रक चालवलाय मी, पोरी. ट्रकतळावर कारमध्ये झोपतेस ना?"

मार्लिसने मान खाली घातली.

"घरमालकाने भाडं वाढवलं, घर सुटलं. तुला काय सांगणार होते?" मग तिने त्याची बाही पकडली. "पण मग तू इथे कशाला? थंडी सोसत नाही म्हणालास ते..."

"थंडीचं काय, अकरा वर्षं सोसलीच की."

"मग चल ना परत! दोघं राहू."

डेल्मरने तिची बोटं हळूच सोडवली.

"गाडीत पलंग एकच आहे," तो म्हणाला आणि दाराकडे वळला.