कोंबड्यांचा वाटा

बाबा गेल्यापासून आई पाव आणि चहावर राहत होती. "एकटीसाठी कसली चूल पेटवायची?" एवढंच म्हणायची. मी कुक्कुटपालनाची पदवी घेतलेली. क्लूज शहरातून गावी तिला फोन केला.

"आई, तुझ्या कोंबड्यांना नुसता मका पुरत नाही. रोज काहीतरी वेगळं शिजवून घाल. कोबीची वरची पानं, भोपळ्याचा गर, शनिवारी माशाचं डोकं. त्यांचा वाटा मीठ घालायच्या आधी काढायचा."

"आणि उरलेला कोबी, मासा?"

"टाकू नकोस म्हणजे झालं."

महिन्याभरात शेजारच्या साफ्ताकाकूंचा फोन आला. "अगं, तुझ्या आईच्या कोंबड्यांचा थाट बघ. आमच्या ह्यांनाही रोज इतकं ताजं मिळत नाही."

ईस्टरला घरी गेले. आईचे गाल भरले होते. तिने माझ्यापुढे वाफाळती चोर्बा, आमचं आंबटसर सूप, ठेवली.

"अंडी वाढली का गं?" मी विचारलं.

"होती तेवढीच आहेत," आई म्हणाली. "चाळीस वर्षं कोंबड्या पाळतेय मी. त्यांना काय लागतं ते मला कळत नाही होय? तुझ्या जिवाला घोर लागला होता, म्हणून रांधत होते. जेव आता."