डावीकडून ओळीने

"काही गेलेलं नाही, मॅडम," रणवीर म्हणाला. "एकशे सदतीसच्या एकशे सदतीस फोल्डर आलेत. मोजा हवं तर."

जयंतीबाईंनी मोजले नाहीत. स्क्रीनवर एक हिरवी टेकडी होती, वर निळं आकाश, आणि डाव्या कडेपासून ओळीने, अक्षरांच्या क्रमाने, पिवळे फोल्डर. शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

"माझें यार्ड कोठें ठेविलेंस, तंबी?"

त्यांची मराठी तंजावरची, डांबरगोळ्या घालून जपलेल्या शालूसारखी; 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, तेवढं तमिळ. रणवीर नाशिकचा. कंपनीच्या पेरुंगुडीच्या ऑफिसात येऊन त्याला चार महिने झाले होते आणि चेन्नईत मराठीतून कुणी आपल्यावर चिडेल याची त्याला कल्पना नव्हती. ते चिडणं आहे हे कळायलाही थोडा वेळ गेला.

"यार्ड बाहेर आहे ना, मॅडम." त्याने खिडकीकडे बोट दाखवलं.

बाहेर एन्नोर रोडवरचं कंटेनर यार्ड होतंच. पण नऊ वर्षं ते जयंतीबाईंच्या स्क्रीनवरही होतं. मागे यार्डचा नकाशा, आणि कंटेनर जिथे उतरेल तिथे त्याच्या नंबराचा फोल्डर. कंटेनरवर कंटेनर चढला की बाई फोल्डरवर फोल्डर थोडासा चढवायच्या. फोल्डरमध्ये मालाचे कागद असत, मालकाचं नाव असे, सीलचा नंबर असे. जागा कुठेच लिहिलेली नसे. समोर दिसतंय ते लिहून कोण ठेवतं?

यार्ड नव्या मालकांनी, म्हणजे रणवीरच्या कंपनीने, घेतलं, म्हणून आज सकाळी कॉम्प्युटरही त्यांच्या नेटवर्कवर गेला. तिथे जयंतीबाई नव्या युजर. रणवीरने जुन्या प्रोफाइलमधलं सगळं नव्यात आणलं. फोल्डर आले. त्यांच्या जागा आल्या नाहीत.

"जुन्यांत जाऊं दे मला. एकदां पाहूं दे."

"जुनं प्रोफाइल डिलीट केलं, मॅडम. चेकलिस्टमध्ये सातवी स्टेप आहे."

"आठवी काय?"

"युजरची सही." त्याने कागद पुढे केला.

जयंतीबाईंनी कागद घेतला, त्याचे चार तुकडे केले, आणि ते टेबलाच्या डाव्या कडेला एकाखाली एक नीट लावले.

"घे. काही गेलेलें नाही. मोज."

तेवढ्यात मॅनेजर बालाजीराव आत आले. बुटांचा कंटेनर न्यायला लॉरी फाटकात उभी होती. बंदराच्या रांगेत चार तास जातात, म्हणजे दोनच्या आत ती निघाली नाही तर संध्याकाळचं जहाज गेलं. आणि नव्या मालकांनी लेखी कळवलं होतं की एक जरी जहाज चुकलं तरी या टेबलाचं काम पेरुंगुडीला नेण्यात येईल. कामाबरोबर जयंतीबाईंनाही नेण्यात येईल असं त्यात नव्हतं.

"दोन माणसें द्या, सर," जयंतीबाई म्हणाल्या. "वही द्या. चालत जाऊन नंबर वाचतें. दीड तासांत सांपडेल."

बालाजीराव घड्याळाकडे न बघता फोनकडे गेले. पेरुंगुडीशी ते बराच वेळ "येस सर" असं बोलले. मग त्यांनी फोन ठेवला.

"स्क्रीनवर आहे तोच अधिकृत क्रम, असं म्हणतात," ते म्हणाले. "यार्डच सिस्टिमशी जुळत नाही."

"अय्यो," जयंतीबाई म्हणाल्या.

"रणवीर, कॉम्प्युटरला हे सगळं ओळीने लावायला किती वेळ लागला?"

"एक सेकंद, सर."

बालाजीरावांनी वॉकीटॉकी उचलला. "अप्पाजी, क्रेन काढा. सगळे कंटेनर डाव्या भिंतीपासून ओळीने लावायचेत. ए पासून. लेखी ऑर्डर पाठवतो. कॉम्प्युटरने एका सेकंदात केलंय. तुम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत करा."

क्रेन हलली. अप्पाजींनी पहिला जो हाताला लागला तो कंटेनर उचलला. तो हवेत हळूच वळला आणि त्याच्या कुशीवरची पांढरी अक्षरं खिडकीसमोर आली. जयंतीबाईंनी साहेबांच्या हातातला वॉकीटॉकी ओढून घेतला.

"अप्पाजी, तोच. बुटांचा. लॉरीवर ठेवा."

"बाई, हा टी आहे," अप्पाजी म्हणाले. "मला ए शोधायचाय."

"मग ह्याला कोठें ठेवितां?"

"मोकळी जागा एकच आहे. तिथे ठेवतो, वर बाकीचे रचतो. टी ची पाळी आली की काढू. उद्या सकाळपर्यंत येईल पाळी."

जयंतीबाईंनी बालाजीरावांकडे पाहिलं. बालाजीराव लेखी ऑर्डर लिहीत होते. रणवीर टेबलावरचे चार तुकडे चिकटपट्टीने जोडत होता.

बाईंनी वॉकीटॉकी टेबलावर ठेवला, लॉरीचा गेट पास उचलला आणि बाहेर गेल्या. भर बारा वाजताच्या उन्हात, चपला फटफटवत, त्या कंटेनरांच्या मधून चालत गेल्या आणि त्या एकुलत्या एक मोकळ्या जागेच्या बरोबर मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला. पास धरलेला हात फाटकाच्या दिशेने केला आणि तो खाली घेतला नाही.

वीस फूट लांब कंटेनर त्यांच्या डोक्यावर येऊन थांबला. त्याच्या सावलीत बाई पूर्ण मावल्या.

ऑफिसात वॉकीटॉकी खरखरला.

"साहेब, खाली जयंतीबाई आहेत."

बालाजीरावांचं पेन थांबलं. ते खिडकीकडे गेले नाहीत. स्क्रीनकडे बघू लागले.

"साहेब," अप्पाजींनी विचारलं, "यांना कुठल्या ओळीत लावू?"