शंभुलिंगकाकांचं टेबल

धाराशिवच्या बियाणे कंपनीत शेतकऱ्यांच्या तक्रारींना उत्तर लिहिताना कुणी अडलं की शंभुलिंगकाकांच्या टेबलाशी यायचं. ही उत्तरं लिहायला एआय आणायचं ठरलं, तेव्हा घाबरलेल्या सहकाऱ्यांची समजूत काढायला साहेबांनी काकांनाच पुढं केलं. काका महिनाभर प्रत्येकाजवळ बसले. “भिऊ नका. त्याला कितीबी विचारा, चिडत न्हाय,” असं सांगत राहिले. सगळ्यांना ते पटलं. हळूहळू काकांकडं कुणी काही विचारायला येईनासं झालं. एका दुपारी ऑफिसातली चारुशीला त्यांच्या टेबलाकडं येताना दिसली. काकांनी लगबगीनं चष्मा लावला, समोरची खुर्ची रुमालानं पुसली. “बस पोरी. कुठं अडलं?” ती संकोचली. “अडलं न्हाय काका. तिकडं हॉलात एआयच्या ट्रेनिंगला एक खुर्ची कमी पडतीय. ही नेऊ का?” काकांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, “थांब, तुला लई जड होईल,” आणि खुर्ची उचलून स्वतःच हॉलपर्यंत पोचवून आले.